मधल्या माणसांचा हिशेब

शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये जो उभा असतो, त्याच्याबद्दल आपल्याकडे कोणी चांगलं बोलत नाही. अडत्या असो, दलाल असो की गावचा व्यापारी. मलई तो खातो आणि राबणाऱ्याच्या वाट्याला काही उरत नाही, हा आपला पक्का समज. तो पुष्कळदा खराही असतो. फेअर ट्रेड, म्हणजे न्याय्य व्यापाराची चळवळ, याच रागातून उभी राहिली. मधला काढा, त्याचा वाटा राबणाऱ्याला द्या आणि गिऱ्हाइकाला ते उघडपणे सांगा, इतकं तिचं म्हणणं सरळ होतं.

पण मधला माणूस काढला म्हणून मधलं काम संपत नाही. माल गोळा करायचा, प्रत तपासायची, आगाऊ पैसे द्यायचे, वेळेवर जहाजावर चढवायचा, खराब निघाला तर झळ सोसायची, हे कोणीतरी करावंच लागतं. न्याय्य व्यापारात ते ना-नफा संस्था करतात, म्हणजे त्यांच्यातली माणसं करतात. कॉफीच्या पाकिटावर डोंगरातल्या शेतकऱ्याचा हसरा फोटो असतो. त्याच शेतकऱ्याच्या सहकारी संस्थेत रात्री आठला पावत्या जुळवत बसलेल्या हिशेबनिसाचा फोटो मी अजून कुठल्या पाकिटावर पाहिलेला नाही. फोटो नसला तर नसू दे. त्याचा पगार कुठल्या पैशातून येतो, हा प्रश्न मात्र सोडून देण्यासारखा नाही. या क्षेत्राचा इतिहास पाहिला तर न्याय्य वस्तूची किंमत बाजारात टिकण्याजोगी राहिली ती बऱ्याच अंशी या मधल्या माणसांनी फुकट किंवा अर्ध्या पगारात काम केल्यामुळे, असं माझं मत झालं आहे.

मधला काढण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रानं स्वतः करून पाहिला. १९७१ च्या कायद्यानं कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून सरकारनं व्यापाऱ्याला बाजूला सारून कापूस स्वतः घ्यायला सुरुवात केली. व्यापारी गेला, पण ग्रेड ठरवणं, तोलणं, जिनिंग, गाठी बांधणं, साठवणं, चुकारे करणं ही सगळी कामं जागच्या जागी राहिली. ती करायला पगारी माणसं आली आणि विदर्भातला शेतकरी आधी व्यापाऱ्याच्या नावानं मोडायचा ती बोटं ग्रेडरच्या नावानं मोडू लागला. योजनेचा तोटा फुगत गेला आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार संपला. मधल्या कामाला खर्च असतो आणि तो कुठेतरी मांडावाच लागतो, हे आपण तीस वर्षं फी भरून शिकलो. न्याय्य व्यापारानं हाच खर्च वेगळ्या युक्तीनं झाकला. त्याच्याकडे सरकारी तिजोरी नव्हती, पण माणसांची श्रद्धा होती.

सुरुवात चर्चच्या मंडळींनी केली. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली एड्ना रूथ बायलर ही मेनोनाइट पंथाची बाई पोर्टो रिकोला गेली. तिथल्या गरीब बायकांचं भरतकाम तिनं पाहिलं, घरी आणलं आणि मोटारीच्या डिकीत घालून ओळखीपाळखीच्या घरी विकू लागली. या धडपडीतून पुढे टेन थाउजंड व्हिलेजेस ही संस्था वाढली. १९४९ मध्ये ब्रेद्रन चर्चच्या लोकांनी जर्मनीतल्या युद्धनिर्वासितांनी केलेली लाकडी घड्याळं विकायला घेतली. त्यातून सर्व्ह ही संस्था झाली. या पिढीनं काम केलं ते धर्मकार्य म्हणून. घडवणाऱ्या बाईला पूर्ण दाम द्यायचा आणि स्वतःच्या वेळेचं मोल शून्य धरायचं. ही भावना मोठी होती, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. मात्र हे शून्य किमतीत कायमचं मुरलं.

साठ-सत्तरच्या दशकांत युरोपात दुसरी पिढी आली. तिच्यात चर्चवाले होतेच, शिवाय वसाहतवादाचा हिशेब चुकता करायला निघालेली डावी तरुण मंडळीही होती. १९६९ मध्ये नेदरलँड्समधल्या ब्रेकेलन गावी पहिलं ‘जागतिक दुकान’ उघडलं. १९७५ मध्ये जर्मनीत वुपरटालला गेपा ही आयात करणारी कंपनी निघाली, १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये ट्रेडक्राफ्ट. जर्मनीत आज अशी सुमारे ९०० जागतिक दुकानं आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांच्या गल्ल्यावर बिनपगारी माणसं बसतात: निवृत्त शिक्षक, गृहिणी, विद्यार्थी. ब्रिटनमध्ये ट्रेडक्राफ्टचा माल वर्षानुवर्षं रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दालनात टेबलं मांडून विकला गेला. विकणारे पदरमोड करून माल आणायचे आणि उरलेला परत न्यायचे. २००० साली लँकेशायरमधल्या गारस्टँग या छोट्या गावानं स्वतःला जगातलं पहिलं फेअरट्रेड गाव म्हणवून घेतलं, त्यामागेही ब्रूस क्राउदर हा जनावरांचा डॉक्टर आणि ऑक्सफॅमचा स्थानिक गट होता. डॉक्टरसाहेब दवाखाना सांभाळून हे करत. गावागावांत असा एक तरी माणूस सापडला म्हणून चळवळ पसरली.

तिसरी पिढी शिक्क्याची. मेक्सिकोत ओआहाकाच्या डोंगरात राहणारा डच पाद्री फ्रान्स व्हॅन डर हॉफ आणि सॉलिडारिदाद संस्थेचा निको रोझन यांनी १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हावेलार’ हा न्याय्य व्यापाराचा शिक्का बाजारात आणला. आता माल विकायला वेगळं दुकान नको होतं. कोणत्याही कंपनीच्या कॉफीवर शिक्का बसू शकत होता आणि ती कॉफी सुपरमार्केटच्या फळीवर जात होती. पुढच्याच वर्षी, १९८९ च्या जुलैत, आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत मोडली, भाव कोसळले आणि हमीभावाच्या शिक्क्याची गरज एकदम पटण्याजोगी झाली. १९९७ मध्ये देशोदेशींच्या शिक्केवाल्या संस्था एकत्र येऊन बॉनला आज जिला फेअरट्रेड इंटरनॅशनल म्हणतात ती संघटना झाली. तिथून कामाची माणसंच बदलली. परवाना व्यवस्थापक आले, ब्रँड सांभाळणारे आले, निकष लिहिणारे आले, लेखापरीक्षक आले. ही माणसं पगारी होती, शिकलेली होती आणि त्यांना मंगळवारी सकाळी नऊला कार्यालयात यायचं असे.

दोन पिढ्यांची तऱ्हा एकाच माणसात पाहायची तर पॉल राइस. हा अमेरिकन तरुण ऐंशीच्या दशकात निकाराग्वाला गेला, अकराएक वर्षं तिथल्या शेतकऱ्यांच्यात राहिला, कॉफीवाल्यांची सहकारी संस्था उभी करण्यात राबला. मग परत जाऊन व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात ट्रान्सफेअर यूएसए, म्हणजे आजची फेअर ट्रेड यूएसए, सुरू केली. २०११ मध्ये त्यानं जागतिक संघटनेशी फारकत जाहीर केली, कारण त्याला कॉफीच्या मोठ्या मळ्यांनाही शिक्का द्यायचा होता. मळ्यावरचा मजूर हा छोट्या शेतकऱ्याहून गरीब असतो, त्याला का वगळायचं, हा त्याचा मुद्दा. विरोधकांचा मुद्दा असा की मळेवाला आत आला की छोट्यांच्या सहकारी संस्था बाजारातून उठतील. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या आणि म्हणूनच भांडण इतकं कडू झालं. यात कमी बोललं गेलेलं एक कारण मला दिसतं: पगारी कार्यालय परवाना शुल्कावर चालतं, शुल्क मालाच्या प्रमाणात येतं आणि मोठा मळा म्हणजे एका सहीत पुष्कळ माल. राइसचा हेतू खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण संस्थेतल्या माणसांची चूल कशावर पेटते, याचा संस्थेच्या तत्त्वांवर परिणाम होतोच.

शिक्क्याचा दुसरा खर्च शेतकऱ्याकडे आला. २००४ पासून प्रमाणपत्राचं शुल्क उत्पादक संस्थांनाच भरावं लागतं. लेखापरीक्षक येतो, कागद मागतो, आणि तो कागद लिहिणारा माणूस सहकारी संस्थेनं आधीच ठेवलेला असावा लागतो. आता कॉफीचा भाव पाहा. धुतलेल्या अरेबिकाचा फेअरट्रेड किमान भाव २०२३ च्या ऑगस्टपासून पौंडाला १ डॉलर ८० सेंट आहे. त्याआधी तो बारा वर्षं १ डॉलर ४० सेंटवर थांबला होता. वर २० सेंट सामाजिक निधी. वाचणाऱ्याला वाटतं की हे १ डॉलर ८० शेतकऱ्याच्या हातात पडतात. ते बंदरावर, सहकारी संस्थेच्या हाती पडतात. त्यातून वाहतूक, साल काढणं, निर्यातीचे कागद, व्यवस्थापकाचा आणि हिशेबनिसाचा पगार वजा होतो, मग शेतकरी. म्हणजे संस्थेनं माणसाला बरा पगार दिला की तो शेतकऱ्याच्या ताटातून दिल्यासारखा दिसतो, आणि सभासदांच्या सभेत तसं बोललंही जातं. भाव ठरवणाऱ्या तक्त्यात या कामाला पुरेशी जागा नसल्यामुळे दोन राबणाऱ्यांना एकमेकांसमोर उभं केलं गेलं.

शेतावरच्या मजुराचं तर याहून वाईट. लंडनच्या सोआस विद्यापीठाच्या क्रिस्टोफर क्रेमर, डेबोरा जॉन्स्टन, कार्लोस ओया आणि सहकाऱ्यांनी इथिओपिया आणि युगांडात कॉफी, चहा आणि फुलांच्या भागांत पाहणी केली. अहवाल २०१४ च्या एप्रिलमध्ये आला. ज्या भागांत फेअरट्रेड संस्थांचं प्राबल्य होतं तिथल्या रोजंदारी मजुरांची मजुरी आणि कामाची स्थिती तुलनेच्या इतर भागांपेक्षा साधारणपणे वाईट आढळली. फेअरट्रेडवाल्यांनी आक्षेप घेतला की छोट्या शेतांची तुलना मोठ्या मळ्यांशी केली आहे. आक्षेपात तथ्य होतं. तरी अहवालानं ज्याकडे बोट दाखवलं ते खोटं ठरलं नाही: सगळी योजना ‘शेतकरी’ या एका माणसाभोवती बेतलेली होती आणि त्या शेतकऱ्यानं हंगामात बोलावलेली वेचणारी बाई तिच्या बाहेर होती. डॅनियल जॅफी यांनी ओआहाकातल्या कॉफी उत्पादकांवर २००७ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात दुसरी बाजू दिसते. तिथले फेअरट्रेड शेतकरी मजुरीवर जास्त खर्च करत होते आणि त्यामुळेच त्यांच्या स्वतःच्या हाती राहणारी वाढ वाटते तेवढी नव्हती. कुठून तरी वाढवलं की कुठेतरी कमी होतं.

भारतात या कामाला वेगळा रंग आहे, कारण इथे शेतमालापेक्षा हस्तकला आणि शिवणकाम आधी आलं. मुंबईची आशा हँडिक्राफ्ट्स १९७५ ची, कोलकात्याची साशा १९७८ ची, दिल्लीची तारा प्रोजेक्ट्स त्याच दशकातली. २००० च्या सुमारास या मंडळींची फेअर ट्रेड फोरम इंडिया ही शिखरसंस्था झाली. मुंबईतल्या दोन कामांकडे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. अंधेरी पूर्वेच्या झोपडपट्टीत इसाबेल मार्टिन या स्पॅनिश सिस्टरनी १९८४ मध्ये क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स सुरू केली. दुसरं शेअर आणि मार्केटप्लेसचं. मुंबईत वाढलेल्या, समाजकार्य शिकलेल्या पुष्पिका फ्रेटस यांनी आधी शेअर ही संस्था उभी करण्यात भाग घेतला आणि ऐंशीच्या दशकात अमेरिकेत माल विकण्यासाठी मार्केटप्लेस काढलं. दोन्हीकडे रचना साधारण सारखी: वस्त्यांमधल्या बायकांचे छोटे गट, प्रत्येक गटाचा कारभार गटाकडे, आणि मध्यभागी एक संस्था, जी डिझाइन, ऑर्डर, कापड, तपासणी आणि निर्यात सांभाळते. मार्केटप्लेसच्या गटांनी शिवणकामाबरोबर रेशन, पाणी, शाळा असले वस्तीतले प्रश्नही हाती घेतले.

या मध्यभागच्या संस्थेत दिवसभर चालतं काय? सगळ्यांत नाजूक काम कॉस्टिंगचं. युरोपातल्या खरेदीदाराकडून कापडी पिशवीचा नमुना येतो. सॅम्पल शिवणारी एखादी हुशार बाई तो शिवते आणि शेजारी उत्पादन सांभाळणारी ताई घड्याळ घेऊन बसते. समजा एका पिशवीला ४० मिनिटं लागली. दिवसाचे आठ तास म्हणजे ४८० मिनिटं, म्हणजे १२ पिशव्या. दिवसाची रास्त मजुरी समजा ५०० रुपये धरली, तर पिशवीमागे शिलाई ४२ रुपयांच्या आत बसते. कागदावर गणित सुटलं. पण ताईला माहीत असतं की सॅम्पल शिवणारी सगळ्यांत चपळ आहे. गटातल्या निम्म्या बायका शिवण शिकून वर्ष झालेल्या. सुई तुटते, बॉबिन भरायला उठावं लागतं, पाच वाजता दिवे जातात, लहान पोराला बालवाडीतून आणायचं असतं. खरं पाहता दिवसाला दहाच निघतील. मग पिशवीला ५० रुपये लावायला हवेत. हजार पिशव्यांच्या ऑर्डरवर हा फरक आठ हजारांच्या पुढे जातो. खरेदीदाराला पत्र जातं. खरेदीदारही ना-नफाच असतो, त्याचीही दुकानं बिनपगारी माणसांवर चालतात, तो तिकडून नम्रपणे लिहितो की या भावाला आमच्याकडे पिशवी हलणार नाही. हस्तकलेच्या ऑर्डरला मागितल्यास निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची असा न्याय्य व्यापाराचा नियम आहे. तो खरेदीदार पाळतो आणि त्यासाठी त्याचे आभार मानावेत. भावाची घासाघीस मात्र चालूच राहते. आणि बहुतेक वेळा कात्री लागते ती शिलाईच्या पन्नासला नाही, तिच्या खालच्या ओळीला: व्यवस्थापन खर्च, अमुक टक्के. त्या ओळीत ही ताई, चेकिंगची बाई, कटिंग मास्तर, हिशेबनीस आणि गोडाऊनचा पोरगा राहतात.

कटिंग मास्तर हे प्रकरण तर वेगळंच. कापडाच्या चाळीस-पन्नास थरांवर एकदम यंत्र फिरवायचं कसब त्याच्याकडे असतं आणि बाहेरचे गारमेंटवाले त्याला केव्हाही जास्त देऊन उचलतात. त्यामुळे ‘गरीब बायकांच्या’ संस्थेत अनेकदा सगळ्यांत जास्त पगार घेणारा कारागीर हा पुरुष असतो. काही ठिकाणी हट्टानं बायकांना कटिंग शिकवलं गेलं. तिथे हे कोडं बरंचसं सुटलं.

आणखी एक पेच कायद्याचा. गटात शिवणारी बाई मालक की कामगार? मालक म्हटलं तर भविष्य निर्वाह निधी आणि विमा तिचा तिनं बघावा. कामगार म्हटलं तर ते संस्थेचं काम, पण मग स्वयंपूर्ण गट कसला? दोन्ही उत्तरं सोयीनं दिली जातात. इथे लिज्जतची आठवण होते, जरी ती फेअर ट्रेडच्या कुठल्याही यादीत बसत नाही. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तिथे लाटणारी प्रत्येक भगिनी सभासद-मालक, तिला लाटलेल्या वजनावर वणई मिळते आणि नफातोटा सगळ्यांचा. देणगी नको हा तिथला जुना बाणा. लिज्जतचा पापड कोणी दयेपोटी विकत घेत नाही, आणि त्याच्या किमतीत कोणा सेवाभावी माणसाचं फुकटचं काम दडलेलं नसतं. न्याय्य व्यापाराच्या परिषदांतून लिज्जतचा अभ्यास जितका व्हायला हवा तितका झाला नाही असं मला वाटतं. एक फरक मान्य करायला हवा: पापडाची फॅशन दर हंगामाला बदलत नाही.

शिवणकामाकडून कापसाकडे आलं की माणसं बदलतात. ब्रिटनच्या दुकानांत फेअरट्रेड कापूस आला तो २००५ मध्ये. त्याच सुमारास, २००४ पासून, चेतना ऑर्गॅनिकचं काम विदर्भ, तेलंगण (तेव्हाचा आंध्र) आणि ओडिशातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांत सुरू झालं. तिथे शेतकऱ्यांची एक ना-नफा संघटना आणि व्यापारासाठी वेगळी शेतकरी-कंपनी अशी जोडरचना आहे. अशा कामाचा कणा म्हणजे गावोगाव फिरणारा क्षेत्र कार्यकर्ता. बहुधा गावातलाच, बारावी किंवा कृषी पदविका झालेला, स्वतःची मोटरसायकल असलेला. सेंद्रिय आणि फेअरट्रेड अशी दुहेरी नोंद ठेवायची म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याची वही: सातबारा, गट क्रमांक, कुठलं बियाणं, कधी पेरलं, कशाची फवारणी, किती क्विंटल. २००२ नंतर आजूबाजूला बीटी कापसाचंच राज्य, त्यामुळे शेजारच्या धुऱ्यापलीकडून परागकण आणि फवारा दोन्ही येतात. मधे पट्टा सोडला का हे डोळ्यांनी पाहावं लागतं. वेचणीला प्लॅस्टिकची पोती वापरली तर धागे कापसात जातात, म्हणून सुती झोळ्या वाटायच्या आणि त्याच वापरल्या जातात का ते पाहायचं. जिनिंगला बाकीच्या कापसाची सरमिसळ होऊ नये म्हणून रात्री तिथं मुक्काम. आणि खरेदीच्या दिवशी चुकारा आठ दिवस लांबला की शिव्या खायच्या त्यानंच, कारण दिल्ली-मुंबईतला अधिकारी गावात राहत नाही. शेतकरी व्यापाऱ्याला विकून मोकळा झाला तर त्याला दोष देता येत नाही, व्यापारी रोख देतो. अशा वेळी शेतकरी थांबतो तो बऱ्याचदा या कार्यकर्त्याच्या शब्दावर. आणि त्या कार्यकर्त्याची नेमणूक अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर, मानधनावर असते. प्रकल्पाचा निधी संपला की तोही संपतो.

केरळात फेअर ट्रेड अलायन्स केरळनं याला थोडं निराळं वळण दिलं. टॉमी मॅथ्यू यांच्या पुढाकारानं मलबारच्या डोंगरातले काजू, कॉफी, मिरी पिकवणारे शेतकरी एकत्र आले आणि भावासोबत जैवविविधता, अन्नसुरक्षा आणि स्त्री-पुरुष समता या तीन गोष्टी त्यांनी आपल्या व्याख्येत घातल्या. ब्रिटनमध्ये काजू-शेंगदाणे विकणारी लिबरेशन ही कंपनी उत्पादकांनाही मालकी देऊन निघाली, त्यात हे शेतकरीही आले. मधल्या कंपनीचाच भाग विकत घेणं, हा मधल्याला काढण्यापेक्षा शहाणा मार्ग.

भारतातल्या संस्थांना कायद्यानंही बांधून ठेवलं आहे. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला आणि देणगीतून प्रशासकीय खर्चासाठी वापरता येणारा वाटा ५० टक्क्यांवरून २० वर आला. प्रत्यक्ष कार्यक्रमात राबणाऱ्याचा पगार त्यात धरत नाहीत, पण व्यवस्थापन आणि हिशेब ठेवणाऱ्यांचा धरतात. निर्यातीचे पैसे देणगी नसतात, ते वेगळे. १९६१ च्या आयकर कायद्यात ‘सर्वसाधारण लोकहिता’च्या ट्रस्टचं व्यापारी उत्पन्न एकूण प्राप्तीच्या २० टक्क्यांपुढे गेलं तर धर्मादाय सवलत धोक्यात येई. म्हणून मग एक ट्रस्ट, एक कंपनी, कधी एक सहकारी संस्था, अशी तीन-तीन खाती उघडायची. एकाच टेबलावर बसलेला हिशेबनीस तिन्ही खात्यांच्या तीन वह्या लिहितो आणि पगार घेतो एकीतून.

फुकटच्या कामावर उभी राहिलेली रचना किती काळ टिकते, याचं उत्तर गेल्या काही वर्षांत मिळू लागलं. २०२० च्या सुरुवातीला टेन थाउजंड व्हिलेजेसच्या कॅनडा शाखेनं मुख्यालय आणि स्वतःची दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. २०२३ च्या जानेवारीत ट्रेडक्राफ्ट दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कारणं दोन्हीकडे अनेक होती: महागाई, ऑनलाइन स्पर्धा, आणि गंमत म्हणजे सुपरमार्केटनं फेअरट्रेड माल ठेवायला घेतल्यामुळे चर्चच्या टेबलाची गरजच उरली नाही. या कारणांच्या जोडीला वयही होतं. टेबल मांडणारी पिढी म्हातारी झाली आणि तिच्या जागी येणाऱ्या तरुणाला शहरात घरभाडं भरायचं आहे. फुकट राबणारा माणूस गेला की त्याच्या कामाची खरी किंमत पहिल्यांदाच ताळेबंदात दिसते, आणि तोवर दुकान उघडं ठेवण्याची ऐपत उरलेली नसते.

वेगळं करून दाखवणारेही आहेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची इक्वल एक्स्चेंज १९८६ मध्ये तिघांनी काढली. निकाराग्वावर रेगन सरकारचे निर्बंध असताना त्यांनी तिथली कॉफी नेदरलँड्समार्गे आणली. ही ना-नफा संस्था नाही, कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था आहे: गोदामात पोती उचलणाऱ्यालाही एक मत आणि संचालकालाही एकच मत, आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी पगारात किती अंतर असावं याला मर्यादा. तिथे आत न्याय आणि बाहेर न्याय अशी दोन मापं ठेवावी लागत नाहीत. हस्तकलेच्या बाजूला जागतिक फेअर ट्रेड संघटना, म्हणजे डब्ल्यूएफटीओ, हिनं २०१३ पासून वस्तूऐवजी संपूर्ण संस्थेची पडताळणी सुरू केली. तिच्या दहा तत्त्वांत रास्त मोबदला आणि कामाची चांगली परिस्थिती येते आणि ती कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत. संस्था स्वतःचा अहवाल लिहिते, दुसऱ्या संस्थेचा माणूस येऊन बघतो आणि बाहेरचा परीक्षकही येतो. कागदावर हे उत्तम आहे. मात्र परीक्षकासमोर हजेरीपट ठेवणारी बाईच कधी कधी जास्तीच्या तासांची नोंद न करता घरी गेलेली असते, कारण ‘आपल्याच संस्थे’कडे ओव्हरटाइम मागायला तिला संकोच वाटतो. हा संकोच कुठल्याही अहवालात पकडता येत नाही.

नवी भरती हा तर सध्याचा रोजचा घोर. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावल्यापासून समाजकार्याची पदवी घेतलेल्या मुलामुलींना कॉर्पोरेट फाउंडेशनमध्ये बऱ्या पगाराच्या जागा मिळतात. त्यांनी जाऊ नये असं सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? त्यामुळे वस्तीतल्या संस्थांना माणसं आता आतूनच घडवावी लागतात, आणि ते चांगलंही चाललं आहे. मुंबईतल्या या गटांमध्ये शिवायला आलेल्या बायका आज चेकिंग बघतात, पगारपत्रक करतात, काही ठिकाणी पूर्ण युनिट चालवतात. संगणकावर परदेशी खरेदीदाराला उत्तर लिहिणारी बाई दहा वर्षांपूर्वी काज-बटणाला बसलेली असू शकते.

पण यात कॉस्टिंगच्या कागदावर एक चमत्कारिक गोष्ट घडते. ती मशीनवर होती तोवर तिचा रुपया ‘शिलाई’च्या ओळीत होता, तिथे त्याला कोणी हात लावत नव्हतं, उलट खरेदीदाराच्या माहितीपत्रकात त्याचं कौतुक छापलं जायचं. बढती मिळून ती टेबलावर आली त्या महिन्यापासून तिचा पगार व्यवस्थापन खर्चात गेला. बाई तीच, वस्ती तीच, घरभाडं तेच. पुढच्या ऑर्डरला खरेदीदार लिहील की हा टक्का जरा कमी करता येईल का, आणि त्या पत्राला उत्तर तिलाच लिहायचं असतं.